जुन्या पाईपचा जीर्णोद्धार : वस्तुरूप साधनांच्या जतनाचा एक विचार

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख व नाणी यांना अग्रस्थान दिले जाते. घरगुती वापराच्या वस्तू मात्र उपेक्षित राहतात. मीरा-भाईंदरसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात जुनी घरे पाडली जातात, तेव्हा अशा वस्तू भंगारात जातात. तंबाखू ओढण्याचा पाईप ही त्यांपैकीच एक. असा वापरलेला पाईप प्रथमच दुरुस्त करणाऱ्याने कोणती दृष्टी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांमार्फत ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. १५३४ च्या तहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली; आजचे मीरा-भाईंदर याच साष्टीच्या उत्तर टोकाला वसलेले आहे. येथील घोडबंदरचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकून घेतला. दख्खनमध्ये तंबाखूचा प्रसार लवकर झाला. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापुराहून तंबाखू व रत्नजडित नळी आणून अकबराला नजर केली, असे त्याच्याच वृत्तांतावरून कळते. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानावर बंदी घातली. तरीही हुक्का, गुडगुडी व चिलीम समाजात रुजली. लाकडी पाईप आला तो मात्र ब्रिटिश काळात, आणि तो प्रामुख्याने साहेबी राहणीचे चिन्ह ठरला.

वस्तूचे वाचन

पाईपच्या प्रत्येक भागातून काळाचा अंदाज बांधता येतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी कठीण गाठ. तिचा पाईपसाठी वापर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढला. काळी नळी बहुधा गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराची असते. गुडइयर यांचे या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट १८४४ चे असल्याने अशी नळी त्यापूर्वीची असू शकत नाही. चांदीच्या कड्यावरील नांगराचा शिक्का बर्मिंगहॅम दर्शवितो, तर शेजारचे अक्षर वर्ष सांगते. वाटीतील काजळीचा थर व नळीवरील दातांच्या खुणा वापरणाऱ्याची सवय सांगतात.

जीर्णोद्धाराची पद्धती

नवशिक्याचा स्वाभाविक कल सर्व काही चकचकीत करण्याकडे असतो. नेमके तेव्हाच वस्तूवरील पुरावा नष्ट होतो. म्हणून स्वच्छतेपूर्वी छायाचित्रे, मापे व वजन यांची नोंद करावी आणि काजळीचा थोडा नमुना पाकिटात जपून ठेवावा. नळी अडकली असल्यास जोराने पिरगाळू नये, लाकूड तडकते. काजळी एकदम न खरवडता थोडी थोडी काढावी. आतील नलिका दारूच्या अर्कात भिजवलेल्या कापसाच्या दोऱ्याने पुसावी, परंतु बाहेरील रोगणाला अर्क लागू देऊ नये. उजेडाने हिरवट-पिवळी पडलेली नळी अतिशय बारीक पॉलिश कागदाने घासता येते; मात्र नाममुद्रा व चांदीचे शिक्के यांच्यावर हा कागद फिरवू नये. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. केलेली प्रत्येक क्रिया नोंदवून ठेवावी.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, याचेही भान ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

जीर्णोद्धार व जतन यांत सूक्ष्म परंतु महत्त्वाचा भेद आहे. जीर्णोद्धार वस्तूला पूर्वरूप देऊ पाहतो. जतन तिच्यावर उमटलेला काळ राखून ठेवते. येथे पाईप पुन्हा ओढण्यासाठी नव्हे, तर अभ्यासासाठी सिद्ध करावयाचा आहे. तंबाखूचे दुष्परिणाम सर्वमान्य आहेतच. अशा एखाद्या वस्तूचे नोंदपत्र तयार करण्याचे काम इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास, पुस्तकाबाहेरील इतिहास वाचण्याची सवय त्यांना लागेल आणि शहराच्या विस्तारात हरवत चाललेली साधनेही काही अंशी वाचतील.