थाटाची कुळकथा

‘रागमाहिती लिहा’ असा प्रश्न आला की संगीताचा विद्यार्थी पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो, ‘यमन हा राग कल्याण थाटातून उत्पन्न होतो.’ मग वादी गंधार, संवादी निषाद, जाती संपूर्ण, गानसमय रात्रीचा पहिला प्रहर. गुण मिळतात आणि त्या ‘उत्पन्न होतो’कडे पुन्हा कोणी पाहत नाही. वास्तविक यमन काही शतके गायला जातो आहे, आणि कल्याण थाट ज्या दहा थाटांच्या मांडणीतला आहे ती मांडणी ग्रंथरूपाने आली 1910 साली. आधी राग होते, थाट मागाहून आले. मग हा उलटा क्रम वह्यांमध्ये कसा शिरला? ते समजून घ्यायचे तर थाटाचे कूळ शोधत बरेच मागे जावे लागते.

भरताच्या नाट्यशास्त्रात थाट नाही, मेळ नाही आणि आजच्या अर्थाने रागांची व्यवस्थाही नाही. तिथे आहेत ग्राम, मूर्च्छना आणि जाती. सप्तकाच्या बावीस श्रुती; षड्जग्रामात सात स्वरांना त्यांची वाटणी 4, 3, 2, 4, 4, 3, 2 अशी. एवढी जुळवणी झाली की त्याच स्वरांमध्ये आरंभाचा स्वर बदलत जायचे. प्रत्येक आरंभाची एक मूर्च्छना. सप्तके अनेक, पण मूळ जुळवणी एक.

हे वाचून कळत नाही, पेटीवर मात्र लगेच कळते. पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्या. पांढरी एक हा सा धरून सरळ वर गेलात की बिलावलचे स्वर वाजतात. आता काळ्या पट्टीला हात न लावता पांढरी दोनला सा माना. गंधार आणि निषाद कोमल झाले, हा काफी. पांढरी तीनपासून भैरवी निघते, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. सातवर सा धरलात तर पंचम सापडतच नाही, त्याच्याआधी तीव्र मध्यम लागतो आणि पुढे एकदम कोमल धैवत. पेटीच्या पट्ट्या म्हणजे भरताच्या श्रुती नव्हेत, पण तत्त्व हेच. आजच्या दहा थाटांपैकी सहा असे एकाच जुळवणीतून निघतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार मात्र या फेऱ्यात कुठेही येत नाहीत. ज्याच्या घरी पेटी आहे त्याने हे एकदा करून पाहावेच. थाटांची यादी पाठ करून जे कळत नाही ते पाच मिनिटांत कळते.

ग्राम-मूर्च्छनांची ही भाषा तेराव्या शतकापर्यंत शास्त्रात टिकून होती. देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादेला, यादव राजा सिंघणाच्या पदरी राज्याच्या जमाखर्चाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावले. त्याने 264 राग नोंदवले आणि ते सगळे याच जुन्या भाषेत. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती ज्याला आपला मानतात असा हा ग्रंथ मराठी मुलखात लिहिला गेला, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

त्यानंतरच्या काळात गाण्याची बैठकच बदलली. सा स्थिर झाला. राग कोणताही असो, षड्ज तोच, आणि बाकीचे स्वर त्याच्यापासून मोजायचे. पडद्यांच्या वीणेवर तर एकाच तारेखाली बाराही जागा दिसू लागल्या. मग आरंभाचा स्वर सरकवण्याचे प्रयोजन उरले नाही. प्रश्न वेगळा झाला: या बारांपैकी हा राग कोणते सात घेतो? ज्यांचे सात सारखे ते एका गटात. या गटाला नाव पडले मेळ.

मेळांची पहिली यादी विजयनगरच्या विद्यारण्यांची मानतात. तिच्यात मेळ 15. त्यांचा मूळ ग्रंथ हाती नाही; तंजावरच्या गोविंद दीक्षितांनी नंतर दिलेल्या माहितीवरून तो कळतो. 1550 साली विजयनगरच्याच रामामात्याने ‘स्वरमेलकलानिधी’त 20 मेळ सांगितले. या दोन्ही याद्या गाण्यात असलेल्या रागांवरून केलेल्या होत्या. राग ऐकायचे, स्वर पाहायचे, गट पाडायचे.

गोविंद दीक्षितांचे चिरंजीव व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात वेगळीच वाट धरली. त्यांनी रागांकडून सुरुवात न करता हिशेबाकडून केली. सा आणि प पक्के. सा आणि मध्यम यांच्यामध्ये चार जागा. त्यांतल्या दोन रिषभ-गंधारासाठी निवडायच्या, म्हणजे सहा प्रकार. धैवत-निषादाचेही तसेच सहा. सहा सक छत्तीस. हे छत्तीस शुद्ध मध्यमाचे, आणखी छत्तीस तीव्र मध्यमाचे. एकूण 72. ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथात त्यांनी हा हिशेब मांडला आणि यापलीकडे त्र्याहत्तरावा मेळ शंकरालाही करता येणार नाही, अशा अर्थाची ग्वाही दिली. पण त्यांनीच सांगून ठेवले आहे की त्या काळी वापरात असलेले मेळ 19 होते. बाकीच्या घरांत राहायला कोणी आलेले नव्हते.

दक्षिणेत पुढे मेळांना अशी नावे दिली गेली की नावातच क्रमांक दडलेला असावा. ‘कटपयादी’ नावाच्या संकेतात प्रत्येक व्यंजनाला अंक असतो. मेचकल्याणी घ्या. म म्हणजे 5, च म्हणजे 6. 56 उलटे वाचायचे, मेळ 65 वा. धीरशंकराभरण: ध 9, र 2, म्हणजे 29 वा. कल्याणी आणि शंकराभरण हे राग आधीचेच. ‘मेच’ आणि ‘धीर’ ही अक्षरे क्रमांक जुळावा म्हणून मागून जोडलेली. रागाला हिशेबात बसवल्याची खूण तिथे नावातच शिल्लक आहे. मात्र दक्षिणेने नंतर त्या रिकाम्या घरांतही वस्ती केली. कोटीश्वर अय्यरांनी तर बहात्तरही मेळांत कृती रचल्या. तेव्हा कर्नाटक संगीतात ‘मेळातून राग निघाला’ हे विधान पुष्कळ ठिकाणी खरे आहे, हे मान्य करायला हवे. आपल्याकडे तसे घडले नाही.

उत्तरेत दीर्घ काळ रागांची कुटुंबे होती. सहा राग, त्यांच्या रागिण्या, पुढे पुत्र. रागमाला चित्रांना या कल्पनेने अपार दिले. पण कोणती रागिणी कोणत्या रागाची, यावर दोन मतांचे जुळत नसे, आणि एका कुटुंबातल्या मंडळींचे स्वर एकमेकांशी जुळतीलच असेही नव्हते. स्वरांवरून गट करण्याची दृष्टी उत्तरेला अगदीच नवी होती असे मात्र नाही. कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठलाने खानदेशच्या फारुकींच्या बुऱ्हाणपुरात ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला तो मेळांच्या आधारानेच. मिथिलेच्या लोचन पंडिताने ‘रागतरंगिणी’त 12 संस्थाने, म्हणजे मेळच, सांगितली. त्यांत एक इमन आहे, म्हणजे आपला यमन. एक भैरवी आहे, पण तिचे स्वर आजच्या काफीचे. नावे तीच राहतात आणि स्वर सरकतात, असे या इतिहासात वारंवार होते. ज्याला आपण शुद्ध स्वरांचे सप्तक म्हणतो ते बिलावलही तसे अलीकडचे. सतराव्या शतकात अहोबलाच्या ‘संगीतपारिजाता’तले शुद्ध सप्तक आजच्या काफीजवळचे होते. बिलावलला शुद्ध म्हणण्याची पद्धत पाटण्याच्या मुहम्मद रझांच्या 1813 सालच्या ‘नगमाते आसफी’त दिसते.

आणि थाट? थाट ही सतारियांची बोली. सतारीचे पडदे सरकते असतात. कोमल रिषभाचा राग वाजवायचा तर शुद्ध रिषभाचा पडदा खुंट्यांच्या दिशेला थोडा सरकवायचा. राग बदलला की पुन्हा जागेवर आणायचा. पडद्यांच्या अशा मांडणीला थाट म्हणत. सगळे पडदे कायम बसवलेले असले तर अचल थाट, सरकवावे लागले तर चल थाट. शब्दामागे हाताची क्रिया होती. वाजवण्यापूर्वी वाद्य ज्या स्थितीत आणून ठेवायचे ती स्थिती म्हणजे थाट; राग त्यानंतर सुरू होणार.

विष्णू नारायण भातखंडे स्वतः सतार शिकलेले होते. जन्म 1860, मुंबईत वाळकेश्वरला. 1887 साली एल्एल.बी. झाले, वकिली केली, आणि पारशी गायन उत्तेजक मंडळीत शेकडो चिजा ऐकल्या, शिकल्या, लिहून काढल्या. पत्नी आणि मुलगी गेल्यावर वकिलीतून मन काढून घेतले आणि 1904 मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांची गाठ पडली. त्यांचा ‘संगीतसंप्रदायप्रदर्शिनी’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखींची पद्धत भातखंड्यांना या प्रवासात मुळापासून समजली. पुढे 1907 आणि 1908 मध्ये ते पूर्वेला आणि उत्तरेला फिरले, आणि जिथे गेले तिथे गवयांना तेच विचारत राहिले: हा राग असाच का, याचे स्वर कोणते, याला आधार कोणता?

बहात्तर मेळ त्यांनी जसेच्या तसे उचलले नाहीत, आणि माझ्या मते यातच त्यांची खरी पारख दिसते. हिंदुस्थानी गवई दोन रिषभांतल्या एकाला गंधार किंवा दोन गंधारांतल्या एकाला रिषभ म्हणून गात नाही. ती रूपे वगळली की पूर्वांगाचे चार प्रकार, उत्तरांगाचे चार, दोन मध्यम: 32 सप्तके उरतात. त्यांतली दहाच त्यांनी घेतली, कारण त्यांनी जमवलेले राग बहुतांशी त्या दहांत बसत होते. 1910 साली ‘चतुरपंडित’ या नावाने त्यांनी संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ प्रसिद्ध केले. त्याच वर्षी गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग आला, चौथा यायला 1932 उजाडले. दहा थाटांना त्यांनी प्रहरांशीही जोडले: कोमल रिषभ आणि शुद्ध गंधाराचे राग संधिप्रकाशाचे, शुद्ध रिषभ-धैवताचे त्यांच्यानंतरचे, कोमल गंधाराचे त्याही पुढचे. शिकणाऱ्याला धरून चालायला एक दोरी मिळाली.

पण थाटात राग घालताना खुद्द भातखंडे नुसते स्वर मोजत नव्हते. भूपाली आणि देशकार पाहा. दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. कल्याण आणि बिलावल या थाटांत फरक काय तो मध्यमाचा, आणि तोच या दोन्ही रागांत वर्ज्य. स्वरांच्या हिशेबाने हे राग कोणत्याही एका थाटात सिद्ध करता येत नाहीत. तरी भातखंड्यांनी भूपाली कल्याणात घातली आणि देशकार बिलावलात. कारण भूपाली गंधाराला धरून पूर्वांगात रमते, तिच्या वळणांत संध्याकाळचा कल्याण आहे. देशकार धैवतावर उभा राहून तार षड्जाकडे झेपावतो, तो सकाळच्या बिलावलच्या मंडळींतला. म्हणजे त्यांनी आधी राग ऐकला आणि मग त्याचे घर ठरवले. थाट हा त्या ऐकण्याचा निष्कर्ष आहे.

न बसणारे रागही आहेत, आणि त्यांना ओढूनताणून बसवल्याचे दाखले शास्त्राच्या पुस्तकांत सापडतात. अहिर भैरवात रिषभ आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. दहांपैकी कोणत्याच थाटात हे सप्तक नाही, दक्षिणेत मात्र तो सरळ सोळावा मेळ आहे. मधुवंती तोडी थाटाची म्हणतात, पण तिचे रिषभ-धैवत शुद्ध आहेत. तोडीशी तिचे नाते कसे लावायचे? ललित भातखंड्यांनी मारवा थाटात घातला तो शुद्ध धैवताच्या हिशेबाने. आज बहुतेक गवई त्यात कोमल धैवत लावतात. शिवाय त्यात दोन्ही मध्यम लागोपाठ आणि पंचम मुळीच नाही. दक्षिणेतून आलेले चारुकेशी आणि कीरवाणी तर बत्तिसांतले असूनही दहांबाहेरचे. ओंकारनाथ ठाकुरांसारख्या मोठ्या गायकाने थाटपद्धतीला उघड विरोध केला. त्यांची हरकत निराधार नव्हती. रागाचे मर्म चलनात असते, आणि मारवा, पुरिया, सोहनी एकाच स्वरांचे असूनही एकमेकांसारखे नाहीत, हे थाट सांगू शकत नाही.

तरीही थाट टाकून द्यावा असे मला वाटत नाही. रागिणी-पुत्रांच्या गोंधळातून सामान्य घरातल्या मुलामुलींना वर्गात बसून राग शिकता आले, यात या मांडणीचा वाटा फार मोठा आहे. दोष मांडणीचा नाही. ‘उत्पन्न होतो’ या शब्दांचा आहे. जनक आणि जन्य ही दक्षिणेची परिभाषा आपल्याकडे आली, आणि सोयीसाठी पाडलेला गट रागाचा बाप होऊन बसला.

म्हणून शिक्षकांना आणि परीक्षकांना एक विनंती आहे. ‘कल्याण थाटातून उत्पन्न’ याऐवजी ‘भातखंड्यांच्या वर्गीकरणात कल्याण थाटात’ असे लिहायला शिकवा, आणि भूपाली शिकवताना शेजारी देशकारही ऐकवा. भातखंड्यांचे ते चारही भाग इतर प्रांतांतल्या विद्यार्थ्यांना भाषांतरातून वाचावे लागतात. मराठी वाचकासाठी ते मूळ भाषेतच लिहिलेले आहेत. ग्रंथालयातून ते काढून आणा आणि वाचा.