गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला क्रूस

गिरगाव, माझगाव, वांद्र्याच्या जुन्या पाखाड्या आणि साष्टीतील गावठाणे यांतून हिंडणाऱ्या माणसाला वाटेत ठिकठिकाणी क्रूस आढळतात. काही काळ्या पाषाणाचे, काही चुन्याने रंगविलेले, तर काहींच्या अंगावर खिळे, हातोडा, शिडी, कोंबडा अशी प्रभूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेली. पायथ्याशी दिवा ठेवण्यासाठी कोनाडा असतो आणि बहुधा एखादे साल. त्या सालांकडे लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकाची अखेरची चार-पाच वर्षे आणि विसाव्या शतकाचा आरंभ या काळातील क्रूस संख्येने लक्षणीय आहेत. गिरगावातील खोताच्या वाडीचा सुपरिचित क्रूस १८९९ सालचा. प्लेगच्या दिवसांची आठवण लोकांनी या क्रुसांशी पिढ्यान्‌पिढ्या जोडून ठेवली आहे.

अर्थात वाटेवरचा प्रत्येक क्रूस प्लेगचा नव्हे. पोर्तुगीज अमदानीपासून आपल्या भागात क्रूस उभारण्याची प्रथा होती. कोणी नवस फेडण्यासाठी, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी गावाची शीव राखण्यासाठी क्रूस उभारला. परंतु संकटाच्या दिवसांत या जुन्या प्रथेला जो नवा अर्थ आला, तो समजून घेणे आपल्या समाजाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या परिसरात, विलक्षण तापाचे रुग्ण आढळू लागले. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच गाठीचा प्लेग आहे, असे निदान प्रथम करणारे डॉक्टर आपल्याच समाजाचे होते. डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले. निदान जाहीर करणे सोपे नव्हते. ज्या शहराचा सारा व्यापार बंदरावर अवलंबून आहे, त्या शहरात प्लेग आहे असे म्हणणे म्हणजे व्यापाऱ्यांचा आणि अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेणे होते. व्हिएगस आपल्या निदानावर ठाम राहिले आणि ते खरे ठरले. पुढे १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

साथीने शहराची घडी विसकटून टाकली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर गावाकडे पळाले होते. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी उतरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, यावरून संकटाची कल्पना येते. पुढील दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

रोगाइतकीच भीती उपायांची होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, सामान जाळणे, रुग्णाला उचलून इस्पितळात नेणे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवणे, स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी हे सारे सक्तीने होऊ लागले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला होता, तो याच भीतीपोटी. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. त्यांच्यासारख्या व्यक्तीच्या मृत्यूपुढे धर्माच्या साऱ्या भिंती खुज्या ठरतात.

अशा काळात गल्लीतल्या सामान्य ख्रिस्ती माणसाने काय केले? शहर ओस पडत होते. आजारी माणसाची वार्ता बाहेर फुटली तर शिपाई दाराशी येणार. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला होता. त्या दिवसांत पाखाडीतल्या माणसांनी वर्गणी काढून वाटेवर क्रूस उभारले आणि तिन्हीसांजेला त्यापुढे जपमाळ म्हणण्यास सुरुवात केली. संत सेबास्तियन आणि संत रोक यांच्याकडे साथीच्या काळात मध्यस्थी मागण्याची परंपरा ख्रिस्तसभेत शतकानुशतके चालत आली होती. तिचाही आधार त्यांनी घेतला.

या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणणारे त्या वेळीही होते आणि आजही आहेत. आक्षेपाला सरळ उत्तर दिले पाहिजे. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली दाखवून दिले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. म्हणजे क्रूस उभारले जात होते तेव्हा रोग येतो कसा, हे सरकारलाही नीट उमगले नव्हते. सरकार घराला चुना लावीत होते आणि खापऱ्या काढून ऊन आत घेत होते. माणूस त्या अंधारात प्रार्थना करीत असेल तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. क्रुसापुढे गुडघे टेकणाऱ्या समाजाने औषधाकडे पाठ फिरविली असे दिसत नाही. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला भीत होते. त्या वेळी डॉ. व्हिएगस यांनी हजारो लोकांना आपल्या हाताने लस टोचली. परळचे जुने राजभवन प्रथम प्लेगचे इस्पितळ झाले आणि १८९९ पासून हाफकिन यांची प्रयोगशाळा झाले. जिवाला धोका असताना धर्मभगिनींनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. प्रार्थना आणि लस, क्रूस आणि इस्पितळ एकाच समाजाच्या जीवनात शेजारी शेजारी होती. श्रद्धा आणि शास्त्र यांचे भांडण असलेच पाहिजे असे मानणाऱ्यांनी हा इतिहास पडताळून पाहावा.

या वृत्तीची मुळे खोल आहेत. तिसऱ्या शतकात कार्थेज नगरीत साथ आली, तेव्हा तेथील महागुरू संत सिप्रियन यांनी आपल्या लोकांना उद्देशून मर्त्यतेविषयी एक प्रबंध लिहिला. ख्रिस्ती माणसे इतरांसारखीच का मरतात, हा त्यांच्या लोकांचा प्रश्न होता. श्रद्धा म्हणजे रोगापासून सुटकेचा परवाना नव्हे, हे त्यांनी निक्षून सांगितले. त्याच शतकात आलेक्झांड्रियाचे महागुरू दियोनिसियस यांनी आपल्या पत्रात रुग्णसेवा करता करता मरण पावलेल्या ख्रिस्ती जनांची हकीकत नोंदविली आहे. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला असता महागुरू संत चार्ल्स बोर्रोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. घरात कोंडून घातलेल्या माणसांना खिडकीतून मिस्साबलीत सहभागी होता यावे, हा त्यामागचा हेतू होता. तेथेही पुढे चौकांत क्रूस उभे राहिले.

मिलानचे ते चौक आणि आपली पाखाडी यांच्यातील साम्य विचार करण्याजोगे आहे. मंदिरात जाणे अवघड झाले तेव्हा प्रार्थना वाटेवर आली. दारातून, ओट्यावरून, खिडकीतून दिसेल अशा जागी क्रूस उभा राहिला, म्हणून आजाऱ्यालाही अंथरुणावरून प्रार्थनेत आपला आवाज मिसळता आला. ज्या दिवसांत माणूस माणसाला टाळत होता, त्या दिवसांत संध्याकाळची ती जपमाळ गल्लीला गल्ली म्हणून टिकवून धरीत होती. आज कोणाकडे दिवा लागला नाही, कोणाचे दार उघडले नाही, हे तेथेच कळत असणार. कालवरीवरचा प्रभू मृत्यूला टाळून गेला नाही, त्यातून गेला, ही शिकवण त्या माणसांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली होती. प्लेगच्या वर्षांत त्यांनी ती आपल्या दारात उभी केली.

सव्वाशे वर्षांनंतर आपल्यावरही तशीच वेळ आली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार लोकांनी घरात बसून पाळला. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी परमगुरुस्वामी फ्रान्सिस रोममधील संत पेत्राच्या रिकाम्या चौकात पावसात उभे होते. त्यांनी जवळ ठेवलेला सान मार्चेलो मंदिरातील लाकडी क्रूस १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवणुकीने नेलेला होता. जगभर ते दृश्य पाहिले गेले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी त्याच कुळातला क्रूस उभा आहे, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल?

आज या क्रुसांपुढे वेगळे संकट आहे. रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरे पाडून उंच इमारती उठत आहेत, पाखाडीची माणसे विखुरली आहेत. मे महिन्यात क्रुसापुढे जपमाळ होते, लितानी गायिली जाते, उकडलेले चणे वाटले जातात, परंतु क्रूस कोणी व का उभारला हे सांगणारे वृद्ध एकेक करून जात आहेत. दगड राहिला आणि त्याची हकीकत गेली, तर तो हलविण्यास कोणाचे मन कचरणार नाही.

यावर उपाय आपल्याच हाती आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील क्रुसांची यादी करावी, त्यांवरील साल आणि अक्षरे उतरवून घ्यावीत, वृद्धांच्या आठवणी लिहून काढाव्यात. जुन्या मंदिरांच्या दप्तरांत मृत्यूच्या नोंदवह्या असतात. १८९६ पासूनच्या दहा वर्षांची पाने उलटली तर एकाच आठवड्यात, एकाच घरातून गेलेली नावे सापडण्याचा संभव आहे. ती नावे उतरवून काढावीत आणि २ नोव्हेंबरच्या सर्व मृतांच्या स्मरणदिनी त्या त्या गल्लीच्या क्रुसापुढे मोठ्याने वाचावीत. ज्यांच्यासाठी तो क्रूस उभारला, त्यांची ओळख त्यांच्या नातवंडा-पतवंडांना निदान त्या संध्याकाळी व्हावी.