उलट्या बाणाची कुळकथा

रासायनिक समतोलाच्या समीकरणात मधोमध दोन बाण असतात, एक जाणारा आणि एक परतणारा. त्या परतणाऱ्या बाणाचे मूळ शोधत गेलो की आपण इजिप्तच्या वाळवंटात पोचतो.

1798 मध्ये नेपोलियनच्या स्वारीबरोबर क्लोद लुई बर्तोले हा फ्रेंच रसायनज्ञ तिथे गेला. कैरोच्या वायव्येला नेट्रॉनची खारी तळी आहेत. नेट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीचा खार. प्राचीन इजिप्तमध्ये प्रेते टिकवायला तो वापरत. प्रयोगशाळेत धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांची द्रावणे मिसळली की चुनखडी तळाशी बसते आणि मीठ पाण्यात उरते. या तळ्यांकाठी मात्र नेमके उलटे चालले होते. मिठाचे पाणी चुनखडीवरून जात होते आणि काठावर सोड्याचे थर चढत होते.

कोणता पदार्थ कोणाला हुसकावून लावणार हे त्यांच्या ओढीवरूनच कायमचे ठरलेले असते, अशी तेव्हाची समजूत होती. बर्तोलेने त्यात प्रमाणाचा विचार आणला. इथे मीठ अलोट होते. शिवाय तयार झालेला सोडा सुकून बाजूला पडत होता, कॅल्शियम क्लोराइड जमिनीत मुरत होते. एकीकडे भर, दुसरीकडे उपसा. म्हणून क्रिया उलटी वळली. संहती बदलली की समतोल सरकतो, हे सारे त्यात आलेच.

पण पुढे तो वाहवत गेला. संयुगांची घडणही प्रमाणानुसार बदलते, असे त्याने मांडले. रसायनज्ञ प्रूस्तने ते खोडून काढले आणि त्या चुकीबरोबर खरी गोष्टही कित्येक दशके अडगळीत पडली.

1864 मध्ये नॉर्वेतल्या गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्यांनी तिला गणित दिले. क्रियेचा वेग संहतीवर अवलंबून असतो. अभिक्रियाकारक वाढवला की पुढची क्रिया वेग घेते. उत्पादित साठत जाते तशी परतीची क्रियाही वेग घेते, आणि दोन्ही वेग पुन्हा जुळेपर्यंत समतोल सरकत राहतो. त्यांचा लेख नॉर्वेजियन भाषेत होता, त्यामुळे बाहेर फारसा कुणी वाचला नाही. 1867 मध्ये त्यांनी फ्रेंचमध्ये लिहिले, 1879 मध्ये जर्मनमध्ये. 1884 मध्ये रसायनज्ञ व्हान्ट हॉफने समीकरणात दोन बाण काढले आणि त्याच वर्षी रसायनज्ञ ल शातेलियेने समतोल सरकण्याविषयीचे आपले तत्त्व मांडले.

समतोलाच्या धड्यात नाव ल शातेलियेचे येते. माझ्या मते त्याच्या आधी बर्तोलेचे यायला हवे.