काचपेटींतील पाणी

जालना जिल्ह्यांत पाण्याची किंमत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत येथील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि गांवोगांव टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. अशा मुलखांत बैठकीच्या खोलींत माशांची काचपेटी ठेवणें म्हणजे पाण्याची चैन, असें पुष्कळांस वाटतें. परंतु या पेटीचा इतिहास पाहूं लागलों म्हणजे आढळतें कीं, पाणी न बदलतां मासे जगवितां येतील काय, या प्रश्नांतूनच तिचा जन्म झाला.

माशांविषयींचें कुतूहल आम्हांस नवें नव्हे. मराठवाड्यावर ज्यांची सत्ता होती त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत माशांच्या जाती व त्यांचें खाद्य यांचा स्वतंत्र विचार आहे. पण तो नदी-तळ्यांतील माशांचा. तेथें पाण्याची काळजी निसर्ग वाहतो. काचेंत कोंडलेल्या पाण्याची गोष्ट निराळी.

रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-६७) हा लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेंतील रसायनशास्त्रज्ञ. १८४९ सालीं त्यानें सुमारें पन्नास लिटरांच्या भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे सोडले व तळाशीं व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लाविली. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडते, हें अठराव्या शतकांतच सिद्ध झालें होतें. माशाचा कर्बवायु वनस्पतीनें घ्यावा आणि तिचा प्राणवायु माशानें, असा हा हिशेब. पुढें कुजक्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकें खाल्लें, आणि त्यांचीं अंडीं माशांस खाद्य झालीं. १८५० मध्यें हा वृत्तांत त्यानें केमिकल सोसायटीपुढें मांडला. १८५३ त लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ त फिलिप गॉसच्या पुस्तकानें 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ केला.

तथापि या हिशेबांत एक रकम राहून गेली होती. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, आणि तो सांचला कीं त्यालाच विष होतो. त्याचा निकाल लावणारे जीव डोळ्यांस दिसत नाहींत. योगायोग असा कीं, त्यांच्यावर प्रकाश टाकणाऱ्यांत वॉरिंग्टनचा मुलगाच होता. त्याचेंही नांव रॉबर्ट. १८७६ पासून रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत काम करितांना त्यानें दाखविलें कीं, मातींतील अमोनियाचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट होतें, आणि हीं दोन कामें निरनिराळे जंतु करितात. त्याचा विषय शेताची माती हा होता. पण शेणखतापासून कपाशीचें अन्न तयार करणारी हीच क्रिया काचपेटीच्या वाळूंतही चालते.

नवशिक्याचा घात होतो तो येथेंच. मुलांच्या हट्टापायीं सकाळीं पेटी येते, सायंकाळीं मासे येतात आणि आठवड्याभरांत मरतात. पाणी नितळ दिसत असतें, पण वाळूंत जंतूंची वस्तीच झालेली नसते. तिला चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पाणवनस्पति लावाव्या, एकदोन काटक गप्पी मासे ठेवावे आणि चिमूटभरच खाद्य घालावें. दुसरी चूक म्हणजे मासे मलूल दिसतांच सगळें पाणी ओतून देऊन वाळू नळाखालीं घासणें. नळाच्या पाण्यांतील क्लोरिननें ती वस्तीच नष्ट होते, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

वडिलांचा हिशेब अगदींच पुरता नव्हता. नायट्रेट सांचतच राहतें. म्हणून आठवड्यास पांचवा हिस्सा पाणी बदलावें; नवें पाणी आदल्या दिवशीं उघड्या बादलींत भरून ठेवावें. पन्नास लिटरांच्या पेटीस हें दहा लिटर झालें. काढलेलें पाणी तुळशीस किंवा कढीलिंबास घालावें. तें झाडांना खतच आहे. उन्हाळ्यांत येथें पारा चाळिशीपार जातो, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. याकरितां पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर असावी व मासे थोडे असावे.

एवढें पथ्य जें घर पाळील, तेथें माशांचें दहा लिटर पाणी आठवड्यांत दोनदां उपयोगीं पडेल. एकदां पेटींत, एकदां कुंडींत. आमच्या जिल्ह्यांत त्यास चैन म्हणणें कठीण आहे.