घर काट्यावर चढवायचं का?

मेमोरियल डे जवळ आला की मंडळातल्या एखाद्या तरी घरातून मला फोन येतो. "काका, यलोस्टोनला निघालोय, आर.व्ही. भाड्यानं घेतलीय. हायवेवर 'वे स्टेशन'चा बोर्ड दिसला की आत वळायचं का?" नोकरीची तीसेक वर्षं मी रस्त्यांच्या खात्यात काढली, तीही पेव्हमेंट विभागात. तेव्हा हा प्रश्न माझ्या वाट्याला येणं साहजिकच आहे. उत्तरही छोटं आहे. स्वतःच्या सहलीसाठी नेलेल्या आर.व्ही.ला बहुतेक राज्यांत वजनकाट्यावर थांबावं लागत नाही. मात्र प्रत्येक राज्याच्या कायद्याची भाषा वेगळी असते, म्हणून वाटेतल्या राज्यांचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. बोर्डावर 'सर्व वाहने' असं लिहिलं असेल किंवा पोलिसानं हात केला, तर वाद न घालता आत जावं.

एवढ्यावर फोन संपायचा. पण मागे एका घरातल्या आठवीतल्या मुलानं मध्येच फोन घेतला आणि विचारलं, "आपली आर.व्ही. त्या शेजारच्या डिलिव्हरी ट्रकपेक्षा जड असेल, तर ट्रकला का थांबवतात आणि आपल्याला का सोडतात?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून या अंकाच्या संपादकांकडे चार पानं मागून घेतली.

माझं इंजिनिअरिंग सांगलीला झालं. त्या भागात वाढलेल्याला काटा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. साखर कारखान्याचा भुईकाटा, त्याच्यापुढे उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची लांबच लांब रांग, आणि 'काटा मारला' ही कायमची तक्रार. तो काटा माल किती आला हे पाहण्यासाठी असतो. अमेरिकन हायवेवरच्या काट्याला मालाशी कर्तव्य नसतं. त्याला काळजी असते रस्त्याची, निदान सुरुवातीला तरी होती.

ही काळजी मोटारींपेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात टर्नपाईक म्हणजे टोलचे रस्ते झाले आणि जड मालगाड्यांनी त्यांची चाळण केली. १७४१ च्या कायद्यानं टोल घेणाऱ्या ट्रस्टना नाक्यावर वजनयंत्र बसवण्याची मुभा दिली. ठरावीक वजनाच्या वर गेलं की जादा पैसे. सफोक परगण्यातल्या वुडब्रिज गावी अशा जातीचा एक जुना काटा एका पबच्या भिंतीतून आजही रस्त्यावर डोकावतो. गाडी साखळ्यांनी उचलून ती हवेत लटकवायची आणि वजन करायचं! पुढे १७५३ च्या कायद्यानं नऊ इंच रुंद चाकांच्या गाड्यांना सवलत दिली, कारण रुंद चाक रस्ता कमी कापतं. म्हणजे एकूण वजन किती याबरोबरच ते जमिनीवर कसं टेकतं हेही महत्त्वाचं, ही गोष्ट तेव्हाच लोकांच्या लक्षात आली होती. गाड्या लटकवण्याची कटकट अमेरिकेत संपवली ती व्हरमाँटच्या सेंट जॉन्सबरी गावातल्या थॅडियस फेअरबँक्स यांनी. तागासारख्या 'हेम्प'च्या गाड्या तोलण्यासाठी त्यांनी फळीचा काटा बनवला आणि १८३१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजच्या हायवेवरचा काटा त्याचाच वंशज आहे.

मोटारट्रकवर वजनाची पहिली बंधनं अमेरिकेत आली ती १९१३ मध्ये, आणि तीही एकेका राज्याची स्वतंत्र. मेनमध्ये १८,००० पौंड, मॅसॅच्युसेट्समध्ये २८,०००. आज हे आकडे हास्यास्पद वाटतील, पण तेव्हाचे ट्रक भरीव रबराच्या टायरवर धावत आणि रस्ते घोडागाड्यांसाठी बांधलेले होते. खरा दणका बसला पहिल्या महायुद्धात. १९१७ च्या हिवाळ्यात रेल्वे इतकी तुंबली की लष्करासाठी बनवलेले ट्रक कारखान्यातून थेट बाल्टिमोर बंदराकडे चालवत न्यायचं ठरलं, शिवाय त्यांच्यात मालही भरला. १९१८ च्या वसंतात बर्फ वितळून खालची माती भिजली आणि पूर्वेकडचे कित्येक रस्ते, काही तर नुकतेच बांधलेले, मोडून पडले. एवढे रस्ते एकदम फुटल्यावर सगळ्यांना कळलं की हा प्रश्न नुसत्या डागडुजीचा नाही. इलिनॉयनं बेट्स गावाजवळ मुद्दाम एक रस्ता बांधला, त्याचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे केले आणि १९२० ते १९२३ या काळात त्यावर लष्करी ट्रक फिरवून कोणता तुकडा कधी फुटतो ते मोजलं. १९३३ पर्यंत सगळ्याच राज्यांत ट्रकच्या आकारावर किंवा वजनावर काही ना काही कायदा झाला होता.

ट्रकवाल्यांनी अर्थातच कोर्ट गाठलं. साउथ कॅरोलायनानं २०,००० पौंड वजन आणि ९० इंच रुंदी अशी मर्यादा घातली होती. शेजारची राज्यं यापेक्षा बरीच उदार होती, त्यामुळे आंतरराज्य व्यापार अडतो अशी तक्रार होती. १९३८ मध्ये सुप्रीम कोर्टानं 'बार्नवेल ब्रदर्स' खटल्यात राज्याच्या बाजूनं निकाल दिला. रस्ता राज्याचा, तो टिकवण्याची जबाबदारीही राज्याची. एका राज्यातून दुसऱ्यात शिरताना नियम का बदलतात, याचं मूळ या जुन्या हक्कात आहे.

१९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात इंटरस्टेटचा कायदा झाला आणि केंद्राचा पैसा आला. पैशापाठोपाठ अटीही आल्या: एका ॲक्सलवर १८,००० पौंड, एकूण ७३,२८०. हे आकडे १९७४ च्या कायद्यात वाढून २०,००० आणि ८०,००० झाले.

या दोन कायद्यांच्या मधे एक प्रयोग झाला. त्यावर मी पानं भरून लिहीन, पण स्वतःला आवरतो. इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ सहा वळसे बांधले गेले. १९५८ ते १९६० या काळात सैनिक रात्रंदिवस त्यांवर ट्रक फिरवत राहिले. एकूण अकरा लाखांहून अधिक ॲक्सल त्या काँक्रीट-डांबरावरून गेले, आणि खर्च आला दोन कोटी सत्तर लाख डॉलर. हीच 'आशो रोड टेस्ट'. आमच्या धंद्यात तिला वेदासारखा मान आहे. तिच्यातून निघालेला नियम असा, की रस्त्याची झीज वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढते. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. १९७९ मध्ये संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयानं सांगितलं की ८०,००० पौंडांचा एक ट्रक रस्त्याचं जेवढं नुकसान करतो तेवढं करायला ९,६०० मोटारी लागतात.

आता आर.व्ही.ला हाच हिशेब लावू. मोठ्या मोटरहोमच्या मागच्या ॲक्सलवर १५,००० पौंड सहज येतात. साध्या मोटारीच्या ॲक्सलवर येतात दोनेक हजार. साडेसातपट वजन, म्हणजे चौथ्या घातानं तीन हजारपटीहून जास्त झीज. त्या आठवीतल्या मुलाची शंका गणिताच्या दृष्टीनं अगदी बरोबर होती.

मग आर.व्ही. सुटली कशी? आधी ती जड नव्हतीच. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-ॲरो कंपनीनं झोपायची सोय असलेली मोटार मांडली, ती श्रीमंतांची हौस होती. १९१९ मध्ये फ्लोरिडात टॅम्पाला 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही भटक्यांची संघटना निघाली. त्यांचं बिऱ्हाड म्हणजे फोर्डच्या गाडीला जोडलेला तंबू आणि डबाबंद जेवण. वजनकाट्याचे कायदे झाले तेव्हा कायदा करणाऱ्यांसमोर ही मंडळी नव्हतीच, समोर होता माल वाहणारा ट्रक. आयोवातल्या विनेबेगो कंपनीनं १९६६ मध्ये मोटरहोम बनवायला घेतले आणि फिरतं घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. तोवर कायद्याचा साचा पक्का झाला होता.

तो साचा धंद्याभोवती घडला होता. १९३५ च्या कायद्यानं आंतरराज्य ट्रकवाहतूक केंद्राच्या नियंत्रणाखाली आली. १९८६ च्या कायद्यानं व्यावसायिक ड्रायव्हरचं वेगळं लायसन्स आणलं आणि १९९२ पासून २६,००० पौंडांवरच्या व्यावसायिक वाहनांना ते सक्तीचं झालं. दरम्यान काट्याचं स्वरूपही पालटलं. आज तिथे फक्त वजन होत नाही. ब्रेक, टायर, ड्रायव्हरची झोप झाली की नाही याची नोंद, परवाने, विमा हे सगळं पाहिलं जातं. ते आता वजनाचं ठिकाण कमी आणि धंद्याच्या तपासणीचं नाकं जास्त आहे. त्यामुळे काट्यावरचा पहिला प्रश्न "किती जड?" हा राहिला नाही. तो "हे कशासाठी चाललंय?" असा झाला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मोटरहोमला 'हाऊस कार' असं स्वतंत्र नाव आहे, आणि भाड्यानं माणसं वाहत नसेल तर ती व्यावसायिक वाहन नव्हे असं त्यात लिहून ठेवलंय. तरीही त्याच कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब हाऊस कार चालवायला निराळं लायसन्स लागतं. पेन्सिल्व्हेनियात पोलिसाला कुठलंही वाहन थांबवून वजन करायला लावण्याचा अधिकार आहे. टेक्सासमध्ये २६,००० पौंडांवरच्या खासगी मोटरहोमला बिगर-व्यावसायिक पण वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं.

इथे आपल्या लोकांना एक सांगायला हवं. अधिवेशनाला आर.व्ही.नं जाताना कुणी स्टॉलवर विकायच्या साड्या आणि दागिने भरून नेतात. गाडी दहा हजार पौंडांवरची, वाटेत राज्याची हद्द ओलांडायची आणि आत विक्रीचा माल, की केंद्राच्या नियमांच्या दृष्टीनं तुमची सहल धंद्यात जमा होऊ शकते. मग "आम्ही फिरायला निघालोय" हे उत्तर पुरत नाही. घर बदलताना भाड्याचा ट्रक घेणाऱ्यांनीही सावध राहावं. फ्लोरिडाच्या शेतीमाल तपासणी नाक्यावर मोटरहोमला सूट आहे, पण भाड्याच्या ट्रकला नाही, मग आत तुमचा सोफा आणि देव्हारा का असेना. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरची तपासणी नाकी १९२० च्या दशकापासूनची आहेत. तिथे तर साध्या मोटारीलाही थांबावं लागतं. तो काटा नव्हे, तिथे फळं आणि त्यांतली कीड शोधतात. भारतीय दुकानातून घेतलेला कढीपत्ता तिथे काढून घेतला तर हळहळू नका.

आर.व्ही.ला सोडणं मला पटतं का? रस्त्याच्या बाजूनं पाहिलं तर बऱ्यापैकी पटतं. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाला लाखभर मैल पळतो, घरगुती आर.व्ही. काही हजार. एकूण झिजेत तिचा वाटा किरकोळ आहे, आणि निवृत्त जोडप्यांना रांगेत उभं करून काट्यावरची माणसं गुंतवण्यात अर्थ नाही. रांगेचा त्रास ट्रकवाल्यालाच ठाऊक. त्यांतल्या अनेकांना मैलावर पैसे मिळतात, काट्यावर उभं राहिलेला अर्धा तास त्यांच्या खिशातून जातो. १९९० च्या दशकापासून चांगली नोंद असलेल्या ट्रकना इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनं न थांबता पुढे जाऊ देतात, हेही योग्यच झालं.

पण आतल्या माणसांच्या बाजूनं पाहिलं तर मला ही सूट तितकीशी रुचत नाही. ट्रकवाल्याला कुणीतरी सांगतं, तुझा मागचा ॲक्सल जड आहे. आर.व्ही.वाल्याला कुणीच सांगत नाही. पाण्याचं एक गॅलन आठ पौंडांहून जास्त भरतं. शंभर गॅलनची टाकी भरली की आठशे तीस पौंड तिथेच गेले. त्यावर तांदळाची गोणी, दोन कुकर, सायकली, जनरेटर, आणि आजी-आजोबांसह सात माणसं. जादा भारानं टायर तापतो आणि ऐन हायवेवर फुटतो. २००७ मध्ये केंद्राच्या वाहनसुरक्षा खात्यानं नियम केला की नव्या आर.व्ही.त माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल याची चिठ्ठी लावायची. मोटरहोममध्ये ती दारापाशी असते. वाचणारे थोडे.

म्हणून फोनवर मी हल्ली शेवटी एक गोष्ट जोडतो. निघाल्यावर पहिल्याच मोठ्या ट्रक स्टॉपवरचा खासगी काटा गाठा. कॅट नावाचे काटे १९७७ पासून चालू आहेत आणि आर.व्ही.लाही तिथे मज्जाव नाही. पाणी, पेट्रोल, सामान, माणसं, सगळं भरलेलं असताना गाडी चढवा. पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या. हातात येणाऱ्या कागदावर पुढच्या ॲक्सलचं, मागच्या ॲक्सलचं आणि एकूण असे वेगवेगळे आकडे असतात. ते दारापाशी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. मागचा आकडा जास्त भरला, तर आधी पाणी सोडा. टाकी मुक्कामाच्या कँपग्राउंडवर पुन्हा भरता येते.