बाळ मोठं का होतं?

"डॉक्टर, सोनोग्राफीत बाळ मोठं दिसतंय, आता सिझेरियनच का?" असं तुम्ही विचारता तेव्हा मला कोपनहेगनचे डॉ. यॉर्गेन पेडरसन आठवतात. १९२१ साली इन्शुलिनचा शोध लागला आणि मधुमेही माता वाचू लागल्या. पण त्यांची बाळं फार मोठी होत, प्रसूतीत खांदे अडकत. १९५२च्या प्रबंधात पेडरसननी कारण मांडलं: आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्शुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचंच जास्त इन्शुलिन बनवतं आणि अंगावर चरबी चढते. (आईवडील धिप्पाड असले तरी बाळ मोठं होतं, ते वेगळं.) सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज; १०-१५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. तेव्हा आधी सांगा, साखर तपासली का?