वारसा टोमॅटो : परसबागेत टिकलेल्या बियाण्याचा इतिहास

बियाण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीत हल्ली 'हेअरलूम' टोमॅटोची पाकिटे सर्रास दिसतात. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, मॉर्टगेज लिफ्टर अशी त्यांची नावे असतात. हेअरलूम म्हणजे घराण्यात पिढीजात चालत आलेली वस्तू. म्हणून या टिपणात आपण त्यांना 'वारसा वाण' म्हणू. या नावामुळे असा समज होतो की हे वाण फार प्राचीन आहेत. तसे नाही. त्यांतले बरेचसे शंभर-सव्वाशे वर्षांच्या आतले आहेत. त्यांची खरी ओळख वयाची नसून बियाण्याची आहे: फळातले बी राखून पेरले, तर पुढच्या वर्षी तेच झाड येते. १९४० च्या दशकापर्यंत जवळजवळ सगळेच टोमॅटो असे होते, म्हणून वेगळ्या शब्दाची गरजच नव्हती. तेव्हा वारसा वाणांचा इतिहास हा मुख्यतः बाकीचे टोमॅटो कसे बदलले याचा इतिहास आहे.

टोमॅटोचे रानटी नातेवाईक दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले, पेरू-इक्वेडोरकडचे. मोठ्या फळाचे पीक मात्र मेक्सिकोत घडले. 'टोमॅटो' हा शब्दही तिथल्या नाहुआत्ल भाषेतला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर ते युरोपात गेले आणि १५४४ मध्ये इटलीत मात्तिओली या वैद्याने त्याची नोंद केली. भारतात ते युरोपीय लोकांबरोबर आले. बंगालीत त्याला 'बिलिती बेगुन', म्हणजे विलायती वांगे, म्हणत. आपल्या वऱ्हाडात आजही 'भेदरं' म्हणणारी माणसे भेटतात. या प्रवासात एक गोष्ट घडली, ती लक्षात ठेवावी. प्रत्येक टप्प्यावर मूठभर बीच पुढे गेले, त्यामुळे लागवडीतल्या टोमॅटोची जनुकीय विविधता रानटी जातींच्या मानाने फारच थोडी उरली. तिच्याकडे आपण पुढे परत येऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या टोमॅटोची फळे बहुधा घड्या पडलेली, वेडीवाकडी, आतून पोकळ असत. ओहायो राज्यातल्या रेनॉल्ड्सबर्ग इथल्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन या बियाणे व्यावसायिकाला गोल, गुळगुळीत, भरीव फळ हवे होते. अनेक वर्षे तो शेतातली उत्तम फळे निवडून त्यांचे बी पेरत राहिला आणि दर वेळी पुन्हा तीच वेडीवाकडी फळे आली. मग त्याने पद्धत बदलली. सुंदर फळ शोधण्याऐवजी त्याने असे झाड शोधले, ज्याची सगळी फळे एकसारखी होती. ती लहान होती, पण त्या झाडाच्या बियांतून त्याने काही हंगामांत आकार वाढवला आणि १८७० मध्ये 'पॅरागॉन' हा वाण बाजारात आणला. एकेका फळावर न जाता झाडाचा एकंदर गुण पाहायचा, ही कल्पना मला विलक्षण वाटते. आमच्या विषयात आपण एका चांगल्या नमुन्यावरून उत्पादनाची परीक्षा करत नाही, सबंध तुकडी पाहतो. लिव्हिंग्स्टन अनुभवातून तिथेच पोचला.

वाण घडवणारे सगळेच व्यावसायिक नव्हते. वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावी एम. सी. बाइल्स नावाचा गृहस्थ मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करत असे. लोक त्याला 'रेडिएटर चार्ली' म्हणत. १९३० च्या दशकात त्याने 'जर्मन जॉन्सन' या वाणाचे झाड मधोमध लावले, भोवती इतर मोठ्या फळांची दहा झाडे वर्तुळात लावली आणि लहान मुलांच्या पिचकारीने त्यांचे परागकण मधल्या झाडाच्या फुलांवर सोडले. सहा-सात वर्षे निवड करून त्याला हवा तसा वाण स्थिर झाला. त्याची रोपे त्याने एका डॉलरला एक या दराने विकली आणि त्या पैशांतून घरावरचे ६,००० डॉलरचे गहाण फेडले. वाणाचे नाव त्यावरूनच पडले: मॉर्टगेज लिफ्टर, म्हणजे गहाण सोडवणारा.

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या बर्पी कंपनीने 'बिग बॉय' हा संकरित टोमॅटो आणला. दोन शुद्ध वाणांचा संकर करून मिळालेली पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी असते. परंतु तिचे बी पेरले की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात, एका झाडासारखे दुसरे राहत नाही. म्हणजे दर हंगामाला बी विकत घ्यावे लागते. हा विक्रेत्याचा मोठा फायदा आहे, यात शंका नाही. पण त्यावरून संकरित वाण हे नुसते कारस्थान होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. मर रोग किंवा सूत्रकृमी यांनी सबंध पीक जाताना ज्याने पाहिले आहे, त्याला रोगप्रतिकारक वाणाची किंमत सांगावी लागत नाही. ही प्रतिकारशक्ती मुख्यतः रानटी जातींतून आणावी लागली, कारण लागवडीतल्या जुन्या वाणांत ती नव्हतीच.

दुसरा बदल यंत्रामुळे झाला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तो नीट पाहावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात कोबी लॉरेन्झन हे अभियंते टोमॅटो काढणीचे यंत्र तयार करत होते. त्याच वेळी जॅक हॅना हे पीकतज्ज्ञ यंत्राला चालेल असा टोमॅटो तयार करत होते. झुडूप बुटके हवे, फळे एकाच वेळी पिकायला हवीत, साल चिवट हवी, यंत्राने हलवताच फळ देठापासून सुटायला हवे. यंत्र पिकासाठी आणि पीक यंत्रासाठी, अशी दोन्हीकडून आखणी झाली. १९६४ च्या अखेरीस मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याची 'ब्रासेरो' योजना बंद झाली आणि दशक संपण्याआधी कॅलिफोर्नियातला प्रक्रियेसाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. लँग्डन विनर यांनी १९८० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आकडे दिले आहेत: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४,००० असलेले टोमॅटो उत्पादक १९७३ पर्यंत सुमारे ६०० वर आले, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंदाजे ३२,००० रोजगार गेले. उत्पादन मात्र वाढले. कोणी वाईट हेतूने हे केले असे विनर म्हणत नाहीत. त्यांचा मुद्दा असा, की आराखड्यातच काहींचा लाभ आणि काहींची हानी आधीपासून लिहिलेली असू शकते.

यंत्राची ही गोष्ट केचप-प्युरीच्या टोमॅटोची आहे. ताजा खाण्याचा टोमॅटो आजही बहुतेक हातानेच तोडतात. पण तिथेही मागणीने फळ बदललेच. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवा पट्टा असतो. तो नसलेले, सर्वत्र फिकट हिरवे फळ एकसारखे लाल होते आणि कधी तोडायचे ते चटकन कळते, म्हणून पैदासकारांनी विसाव्या शतकात हा गुण मोठ्या प्रमाणावर वापरला. २०१२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या शोधनिबंधाने त्यामागचे जनुक दाखवले. हरितलवके वाढवणारे एक जनुक या फळांत निकामी झालेले असते, त्यामुळे फळ स्वतः बनवते ती साखर कमी होते. कोणी ठरवून गोडी काढून टाकली नाही; निवडीच्या निकषांत ती नव्हती, एवढेच.

घरच्या बागांत हे निकष लागू नव्हते. तिथे फळ ट्रकमधून जात नव्हते, स्वयंपाकघरापर्यंत जात होते. १९७५ मध्ये डायन ऑट व्हीली आणि केंट व्हीली या दांपत्याने बियाणे जपणाऱ्यांची देवाणघेवाण सुरू केली, ती पुढे 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' म्हणून ओळखली गेली. आरंभ झाला तो डायन यांच्या आजोबांकडून मिळालेल्या, बव्हेरियातून कुटुंबाबरोबर आलेल्या बियांपासून. त्यात 'जर्मन पिंक' हा टोमॅटो होता. १९९० मध्ये टेनेसीतल्या एका बागाइतदाराने क्रेग लेहुलियर या टोमॅटोप्रेमी रसायनशास्त्रज्ञाला टपालाने जांभळट टोमॅटोचे बी पाठवले आणि ते शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून आल्याचे कळवले. लेहुलियर यांनी त्याला 'चेरोकी पर्पल' नाव दिले. म्हणजे नाव १९९० चे आणि त्यामागची कथा तोंडी. वारसा वाणांच्या कथा अशाच ऐकाव्यात: आदराने, पण दाखला समजून नव्हे.

आणि आता तो विविधतेचा मुद्दा. काळे, पिवळे, पट्टेदार, हृदयाच्या आकाराचे वाण पाहून वाटते की इथे विविधतेचा खजिना आहे. डोळ्यांना दिसणारा हा फरक थोड्याच जनुकांचा असतो. रोगाशी लढण्याची साधने रानटी जातींत आणि त्यांच्याशी संकर केलेल्या आधुनिक वाणांत अधिक आहेत. चवीच्या बाबतीत परसबाग श्रीमंत आहे, प्रतिकारशक्तीच्या बाबतीत नाही.

भारतात टोमॅटोचे संकरित वाण १९७० च्या दशकात आले आणि १९८८ च्या बियाणे धोरणानंतर झपाट्याने पसरले. संकरासाठी लागणारे हाताचे परागीभवन, म्हणजे उमलण्याआधीच फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावणे, हे कर्नाटकात राणीबेन्नूर आणि महाराष्ट्रात बुलडाणा जिल्ह्यासारख्या भागांत शेतकरी कुटुंबे करतात. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क दिला. परंतु संकरित टोमॅटोच्या बाबतीत हा हक्क कागदावरच राहतो, कारण राखलेले बी तेच पीक देत नाही. हक्क वापरायचा तर सरळ वाण हवा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा रुबी' हा असाच सरळ वाण. तो अमेरिकेतला 'सू' आणि आपल्याकडचा 'इम्प्रूव्ह्ड मेरुटी' यांच्या संकरातून निवडलेला, चपटगोल, किंचित कंगोरे असलेल्या फळाचा. परदेशी पाकिटाआधी हा लावून पाहावा असे माझे मत आहे.

परदेशी वाणच लावायचे असतील, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. मोठ्या फळांच्या वाणांना गरम रात्री सोसत नाहीत, फुले गळतात; म्हणून मैदानी भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपे करून फळधारणा थंडीत आणावी. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगाला ते लगेच बळी पडतात, तेव्हा रोपे जाळीखाली वाढवावीत. बहुतेकांची वाढ अमर्यादित असते, बांबू आणि सुतळीचा आधार लागतोच.

बी राखताना लिव्हिंग्स्टनची रीत धरावी: सर्वांत मोठे फळ न शोधता निरोगी, सर्व फळे चांगली असलेले झाड निवडावे. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. मात्र काही जुन्या वाणांत स्त्रीकेसराचे टोक पुंकेसरांच्या नळीबाहेर येते आणि मधमाश्या संकर घडवतात. अशा झाडावर फूल उमलण्याआधी घोसाला मलमलीची पिशवी बांधावी आणि फळ धरले की ती काढून घोसाला दोरा बांधून ठेवावा. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट भांड्यात दोन दिवस आंबू द्यावा. आपल्या हवेत याहून जास्त ठेवल्यास बी भांड्यातच रुजू लागते. बुळबुळीत आवरण सुटले की धुऊन तळाशी बसलेले बी घ्यावे, बशीत सावलीत वाळवावे. कागदावर वाळवू नये, चिकटते. वाणाचे नाव आणि वर्ष लिहून कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलेले बी चार-पाच वर्षे चांगले उगवते.